आप्पांनी घालवलेला नाग

आमच्या शेजारचे आप्पा पाहुण्याला घरातली माणसं दाखवीत नसत, घरातले धोके दाखवीत. दारात पाऊल टाकलं की सुरू. "ह्या फळीवर बसू नका, खुंटी कुजलीया. त्या भिंतीला टेकू नका, फुगलीया. पानी घ्या, पर तांब्या आधी उलटा करून बघा. काल इंगळी निघालती." बिचारा पाहुणा उभ्याउभ्याच निघे आणि आप्पा मागून ओरडत, "पायरी बघा!"

बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत आमची घरं लागून होती, मध्ये एक बुटकी भिंत. मी शाळामास्तर. आप्पा कचेरीतले निवृत्त कारकून. जन्मभर लोकांच्या जबान्या उतरून घेतल्यामुळे तोंडच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास उरला नव्हता. "काही होत नाही हो आप्पा," असं कुणी म्हटलं की ताडकन उत्तर यायचं, "होनार न्हाय म्हणून लिहून द्या!" गल्लीत आजवर कुणी लिहून दिलं नाही. मीही नाही.

त्यांचं परसू मोठं होतं आणि ते साफ करायला दर उन्हाळ्यात माणसं बोलावली जात. पण एकदा माणूस कामाला लागला की आप्पांना परसातल्या धोक्यापेक्षा त्या माणसाचीच काळजी जास्त. आंब्याची वाळकी फांदी तोडायला एक धिप्पाड लाकूडतोड्या आला, तर आप्पांनी वरच्या फांदीवरून टाकलेल्या दोराचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या. "तुमी पडलासा तर मी हाय." लाकूडतोड्यानं आप्पांची काडीसारखी कुडी न्याहाळली. म्हणाला, "आप्पा, मी पडलो तर तुमी वर जाशीला!" मधाचं पोळं काढणाऱ्याला त्यांनी भर वैशाखात जाड घोंगड्यात गुंडाळलं. त्याला एकही माशी चावली नाही, पण चक्कर येऊन तो खाली बसला.

हे सगळं हसण्यावारी जायचं. त्या वर्षी मात्र आप्पांची झोप उडाली.

त्यांची एकुलती लेक अंबू निपाणीला दिलेली. तिची आई ती लहान असतानाच वारली, तेव्हा आप्पांनीच तिच्या वेण्या घातल्या, त्यांनीच तिला वाढवलं. आता तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. 'सातवा लागला की आणून सोडतो,' असा विहीणबाईंचा निरोप आला आणि आप्पा परसाकडे मामलेदारानं जप्तीच्या घराकडे बघावं तसे बघू लागले. न्हाणीच्या मागं एक जुनं वारूळ होतं. त्यात नाग होता. पंचमीला आप्पा त्याला दूध ठेवीत, तेही लांब बांबूनं वाटी सरकवून.

"मास्तर, पोर न्हाणीत जानार, आन् ह्यो तिथं मागं. न्हाय जमायचं."

मल्लू गारुड्यानं नाग धरला आणि उचगावच्या बाजूला माळावर सोडून आला. मग वारूळ काढायला वडार आला. कुदळ उचलता उचलता त्यानं विचारलं, "आप्पा, घरात कोन पोटुशी न्हाय न्हवं? आसंल तर वारूळ मोडू ने."

आप्पांनी कचेरीच्या थाटात प्रश्न मनात दोनदा वाचला. "घरात? घरात मी एकटाच." उत्तरात खोटं काहीच नव्हतं. वारूळ मोडलं.

अशा बातम्यांना पाय नसतात, तरी त्या निपाणीला पोचतात. तंबाखूच्या गाड्यांबरोबर आलेल्या गड्यानं विहीणबाईंचा निरोप सांगितला: पोटुशी लेक असताना बापानं नागाचं घर मोडलं, त्या घरात आमची सून बाळंत होणार नाही. नाग परत नांदताना डोळ्यांनी दिसला, तरच पाठवू.

"अरं पर लेक तवा निपाणीत हुती! घरात न्हवतीच!"

"मी बी त्येच म्हनलो," गडी म्हणाला. "मालकीन म्हनली, लेक कुठंबी असूंदे, बापाचं घर त्येच तिचं घर."

 विहीणबाईंचं म्हणणं आप्पांना मनापासून पटलं होतं, तिथंच ते हरले. दोन दिवस त्यांच्या चुलीतून धूर निघाला नाही. माझ्या बायकोनं भिंतीवरून भाकरी दिली, ती तशीच परत आली.

मग त्यांनी पुन्हा मल्लूला बोलावलं. "त्यो नाग आन."

मल्लू हसला. "माळावर सोडल्याला नाग आता वळखू कसा? दुसरा आनतो. न्हाणीमागच्या दगडाच्या ढिगात एक बीळ हाय, तिथं सोडतो. ऱ्हाईल का न्हाय, त्येची मर्जी. आन् दात पाडून आनतो, म्हंजे तुमास्नी भ्या न्हाय."

आप्पांचा चेहरा उजळला. पण लगेच त्यांनी विचारलं, "दात पाडल्यावर त्यो जगतो का रं?"

"तोंड सुजतंय. मग खाईत न्हाय," मल्लू खाली बघत म्हणाला.

"मग नको. माझ्या पोरीच्या बाळंतपनापायी मुक्या जीवाला उपाशी मारू? तसाच आन."

मी मध्ये पडलो. साप आप्पांचा असला तरी भिंत दोघांची होती! माझं कुणी ऐकलं नाही. नाग आला, बिळात गेला आणि नवल म्हणजे राहिला. विहीणबाई अंबूला घेऊन आल्या, परसाच्या दारात तासभर ठाण मांडून बसल्या. ऊन कलल्यावर नाग ढिगावर आला. त्यांनी हात जोडले आणि सुनेला ठेवून दुसऱ्या दिवशी निपाणीची मोटार धरली.

मोटार गेली तशी मी भिंतीशी गेलो. आप्पा मागच्या पायरीवर बसले होते, ढिगावरची नजर न हलवता. 

"आप्पा, झालं ना आता? मल्लूला सांगून काढून टाका त्याला."

"आन् निपाणीला कळलं म्हंजे? घेऊन जातील की पोरीला." ते हळूच बोलत होते. "भ्या वाटतंय मास्तर. लई वाटतंय. तिनं न्हाणीत पाय टाकला की माझा जीव जातो. मी हितंच बसतो, ती बाळंत हुईस्तवर. पर तिचं लगीन झाल्यापास्नं ह्या घरात माझ्याबिगर कोन झोपलं न्हवतं हो. ऐका."

मी कान दिला. आतून अंबूचं घोरणं येत होतं, चांगलं खणखणीत, दमलेल्या बाईचं.

"ऐकलासा?" आप्पा म्हणाले, आणि डोळे ढिगाकडेच ठेवून ते हसले.