शनिवारी पाऊस पडणार नाही

“भावोजी, शनिवारी गच्चीवर ताडपत्री बांधू की नको? हो किंवा नाही, एवढंच सांगा,” मेहुणा म्हणाला आणि हातातला कप खाली ठेवून उत्तराची वाट पाहू लागला.

हवामान अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांचा एकही अंदाज चुकला नव्हता, कारण त्यांनी कधी अंदाज केलाच नव्हता. पावसाळा सरला आणि थंडीला अवकाश असला, की किनाऱ्यावरच्या त्या गावासाठी दर सोमवारी ते एकच वाक्य लिहीत : ‘हवामान उष्ण व दमट, आकाश अंशतः ढगाळ, तुरळक सरींची शक्यता नाकारता येत नाही.’ ऊन पडलं तरी खरं, पाऊस पडला तरी खरं. गाव त्यांना ‘अंशतः साहेब’ म्हणे. गावाची अक्कल ती केवढी, असं म्हणून ते कानाआड करत.

“आकाश अंशतः...” त्यांनी सुरुवात केली.

“झालं!” मेहुणा हसला. तो घरं बांधायचा, आणि बांधलेली घरं अजून उभी आहेत एवढ्या भांडवलावर उरलेल्या जगाला तुच्छ लेखायचा. शनिवारी त्याच्या वडिलांना, म्हणजे आबांना, पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. आपल्या नव्या घराची गच्ची ऐंशी माणसांना दाखवायला त्याला याहून बरं निमित्त मिळालं नसतं. “ताई, तू ह्यांना जेवायला बोलावतेस तेव्हा काय म्हणतात गं? भूक अंशतः आहे?”

बायको हसली. नुसती हसली नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

तिथेच साहेबांचा तोल गेला. “शनिवारी पाऊस पडणार नाही! एक थेंबसुद्धा नाही. ताडपत्रीच्या नादी लागू नकोस.”

त्याच रागाच्या भरात ऑफिसात जाऊन त्यांनी आठवड्याच्या अंदाजातही तेच लिहिलं. जे वर्तमानपत्र त्यांचा अंदाज शब्दकोड्याच्या खाली, चपलांच्या जाहिरातीला चिकटवून छापायचं, त्याने तो पहिल्या पानावर चौकटीत छापला : ‘शनिवारी पाऊस पडणार नाही.’ अकरा वर्षं ज्या माणसाची टिंगल केली, त्याच्यावर गावाने एका सकाळीत डोळे मिटून विश्वास टाकला. शाळेने बक्षीस समारंभ हॉलमधून उचलून मैदानात नेला. रंगाऱ्याने बँकेची दर्शनी भिंत खरवडून ठेवली. सबंध पावसाळा ओल धरलेल्या गाद्या शनिवारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हात घालायच्या, असं आळीभर ठरलं.

साहेबांना ते चांगलंच मानवलं. ते मान ताठ ठेवून चालू लागले. बायको फोनवर “अगं, आमच्या ह्यांनीच सांगितलंय” असं म्हणू लागली, आणि ते शेजारच्या खोलीतून ऐकू लागले.

शुक्रवारी दुपारी सहायक बाई नकाशा घेऊन आल्या. “साहेब, हे बघा. समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार होतोय. उद्या संध्याकाळी इकडे सरकला तर धो धो कोसळेल.”

“आणि नाही सरकला तर?”

“तर नाही. पण सुधारित अंदाज द्यायला हवा ना?”

साहेबांच्या डोळ्यांसमोर मेहुण्याचे सगळे दात उभे राहिले. “बाई, उगाच घाबरट होऊ नका,” असं म्हणून त्यांनी नकाशा खणात टाकला आणि खणाला कुलूप घातलं. त्या दिवशी त्यांचा डबा न उघडताच घरी परत गेला.

गावाचा त्यांच्या अंदाजावर जेवढा विश्वास होता, त्याच्या निम्माही त्यांचा स्वतःचा नव्हता. शनिवारी निघताना त्यांनी आपली लांब दांड्याची काळी छत्री खाकी कागदात नीट गुंडाळली.

“हे काय?” बायकोने विचारलं.

“ऑफिसचे नकाशे. वाटेत कुणाला तरी द्यायचेत.”

गच्चीवर ऐंशी खुर्च्या, दिव्यांच्या माळा आणि रस्त्याच्या दिशेने तोंड केलेले दोन भोंगे होते. साहेबांनी पुडकं कोपऱ्यात, भेटवस्तूंच्या टेबलाशेजारी उभं केलं. समुद्राच्या बाजूला काळ्या ढगांची एक भिंत उभी होती. लोक येऊन हात मिळवत होते आणि साहेब त्यांच्या खांद्यांवरून ढगांकडे बघत होते.

मेहुण्याने माइक हातात घेतला. “भाषणांआधी आबांच्या भेटी उघडू या! आणि ही पहिली भेट... अरे वा, काठी दिसतेय... आमच्या भावोजींकडून! त्यांच्यामुळेच आज आपण मोकळ्या आकाशाखाली बसलोय!”

“अरे, ते नको, ते...” साहेब उठेपर्यंत कागद टरकन फाटला होता. मेहुण्याचा अंगठा नेमका बटणावर पडला आणि छत्री ऐंशी माणसांसमोर फट्‌कन उघडली.

सगळ्यांच्या माना छत्रीकडे वळल्या. मग मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, “हवामानवालेच छत्री घेऊन आलेत!”

“त्यांना आतली खबर असणार!”

“अहो, ढग बघा ते! माझ्या गाद्या!”

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. खुर्च्या आडव्या झाल्या, जिन्यात चेंगराचेंगरी झाली. शेजारच्या गच्चीवरून कुणी ओरडून विचारलं, इथून कुणी ओरडून सांगितलं आणि बातमी रस्ताभर पोचली. मैदानात मुख्याध्यापकांनी तिसरीची बक्षिसं हातात ठेवून कार्यक्रम गुंडाळला. मेहुणा माइक आबांच्या मांडीवर टाकून “अहो, जेवून तरी जा!” करत लोकांच्या मागे धावला. बायको जाता जाता नवऱ्यापाशी थांबली. “नकाशे?” एवढंच म्हणाली आणि खाली गेली.

त्यानंतर ढगांची ती भिंत पाहता पाहता उलटी फिरली आणि समुद्रावरून दूर निघून गेली. आकाश काचेसारखं स्वच्छ झालं. थेंब पडला नाही. आयुष्यातला पहिला ठाम अंदाज तंतोतंत खरा ठरला होता, आणि तो बघायला गच्चीवर साहेब आणि सासरे, एवढे दोघेच उरले होते.

सासरे निवांत आइस्क्रीम खात होते. “बसा, जावईबापू,” ते म्हणाले. “नऊ भाषणं होती माझ्यावर. नऊ! यादी बघितली तेव्हापासून मी पळवाट शोधत होतो. तुम्ही माझी सुटका केलीत.” मग त्यांनी डोळे बारीक केले. “मुद्दामच केलंत ना?”

छत्री उघडल्यापासून साहेबांशी कुणी गोड बोललं नव्हतं. त्यांना भरून आलं. ते सासऱ्यांच्या अगदी जवळ सरकले आणि मोकळ्या, खणखणीत आवाजात म्हणाले, “म्हणजे काय, आबा! पाऊस येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ह्या मूर्खांना पळवायचं म्हणूनच तर छत्री आणली!”

आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा वाटला, म्हणून त्यांनी खाली पाहिलं. आबांच्या मांडीवर माइकचा लाल दिवा लागलेला होता. खाली रस्त्यावर, डोक्यावर गाद्या घेतलेली माणसं जागच्या जागी थांबली आणि एकेक करून गच्चीकडे वळून पाहू लागली.