डोली आमच्या दारात अडली

या वर्षी गावची एकही लेक बोलावण्यावाचून राहणार नाही, असं मी पंचायतीत छाती ठोकून सांगितलं होतं. आमची नंदादेवी म्हणजे पहाडाची लेक. भाद्रपदात माहेरपणाला येते आणि मग डोलीत बसून कैलासाला, सासरी जाते. तिला निरोप द्यायला गावच्या सगळ्या लग्न झालेल्या लेकी येतात, पण बोलावणं गेल्याशिवाय एकही येत नाही. दरवर्षी कुणाची तरी लेक राहून जाते आणि तिची आई वर्षभर आम्हाला टोमणे मारते.

मी तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. वही काखोटीला मारून घरोघर फिरलो, एक्केचाळीस नावं उतरवली आणि स्वतः एकेकीला फोन केला. अकरा वर्षं माहेरी न फिरकलेली एक जण तर फोनवर रडलीच. माझी मान तेव्हापासून जरा ताठच होती.

पाठवणीच्या दिवशी डोली उठली. बायका जागर, म्हणजे देवीची गाणी, गात होत्या; काकड्या आणि मक्याची कणसं ओवाळली जात होती. डोली वीस पावलं गेली, वळली आणि थेट माझ्या दारात येऊन थांबली.

"काका, मी नाही वळलो," पुढचा भोई कुंवर सिंह घाम पुसत म्हणाला. "दांडाच वळला."

"पुष्कर सिंह, देवी अडलीय," महिधर पंडितजी म्हणाले. "तुझ्या घरचं काय राहिलंय?"

मी घरातली सर्वांत मोठी काकडी आणून ठेवली. डोली ढिम्म. बायकोच्या पेटीतली कोरी साडी आणली. बायको, सुरेशी, दाराला टेकून नुसती बघत होती. डोली जागची हलेना. पुढच्या गावात लोक ताटं घेऊन खोळंबलेले आणि इथे सगळं गाव माझ्याकडे बघतंय! शेवटी घाबरून मी बोलून गेलो, "शेताची भिंत मी हातभर सरकवली होती."

"म्हणजे सरकवलीच होती ना?" शेजारच्या मंगला वहिनी पुढे आल्या. "सात वर्षं शपथा घेत होतात की."

भिंतीची कबुली देऊनही डोली तिथेच.

"लेकींची यादी वाच," पंडितजी म्हणाले. त्या यादीबद्दल मला खात्री होती. मी खणखणीत आवाजात वाचायला लागलो. प्रत्येक नावाला गर्दीतून "आलेय" असं उत्तर येत होतं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस हजर. मी वही मिटली.

"आणि तुझी बीरा?" मंगला वहिनींच्या सासूबाईंनी विचारलं.

मी गावातल्या प्रत्येक दारात जाऊन विचारलं होतं. माझ्या दारात विचारायला कुणी आलंच नव्हतं.

मी लेकीला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"बीरा, ये गं बाळा."

"येते बाबा. खालच्या गावात मावशीकडे परवापासून बसलेय."

"मग वर का नाही आलीस?"

"बोलावणं कुठे होतं?"

मी सुरेशीकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"होतं," ती शांतपणे म्हणाली. "पण लेकीला बापाचं बोलावणं लागतं. आईने चोरून आणलं, तर त्याला माहेर कोण म्हणेल?"

अर्ध्या तासात बीरा चढण चढून आली. धापा टाकत होती, काखेत देवीसाठी आणलेली काकडी होती. माझ्याकडे न बघता ती आधी डोलीपाशी गेली आणि दांड्याला कपाळ टेकवून म्हणाली, "देवीआई, माफ कर. घरातून निघताना सासूबाईंना खोटं सांगितलं. म्हटलं, बाबांनी मला सगळ्यांत आधी बोलावलंय."

कुंवर सिंहने डोली उचलली, ती सहज उचलली गेली. माझ्या हातातली वही मात्र मला पेलवेना.