गॅलरीतली नवी जात

"झाडाला विचार, पोरी. त्याच्या वतीनं उत्तर तू देऊ नकोस!" वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा हा आवाज तिनं कॉलेजात ऐकला होता. आता ती स्वतःच संशोधक झाली होती, आणि जुने आवाज ऐकायला सवड कुणाला होती!

"मामंजी, या प्रयोगावर माझी नोकरी कायम होते की नाही बघाच!" संस्थेचं काचघर गळत होतं, म्हणून एका दुर्मीळ डोंगरी रोपाच्या पंधरा कुंड्या तिनं घरच्या गॅलरीत मांडल्या. "मी दहा दिवस बाहेरगावी. यांना पाण्याचा थेंब घालायचा नाही!"

सासरे जन्मभर शिवणयंत्रावर बसलेले शिंपी, शब्दाचे पक्के. "नाही घालणार."

अकराव्या दिवशी ती परतली, तर पंधराच्या पंधरा रोपं माहेरी आलेल्या लेकींसारखी टवटवीत!

"पाणी घातलंत?"

"थेंब घातला असेल तर जीभ झडो माझी!"

ती कुंड्यांपाशी बराच वेळ वाकून राहिली. मग तिनं संस्थेत फोन लावला, "दहा दिवस पाण्यावाचून, आणि पंधराही टवटवीत!"

गवतं ओळखण्यात हयात घालवलेले थोरले सर भिंग घेऊन धावत आले. "पान निराळं, देठ निराळा! अहो, हे आपलं रोप नव्हेच. ही नवी जात!" एखाद्या झाडाला आपलं नाव मिळावं, ही त्यांची जन्माची हौस. गवतांनी काही दाद दिली नव्हती.

संचालकांनी बैठक बोलावली. कुंडी मधोमध ठेवून सर बोलायला उठले, आणि संस्थेत आणताना गाडीतल्या उबेनं उमललेलं पाच पाकळ्यांचं गुलाबी फूल सगळ्यांना दिसलं.

टंकलेखक बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अगंबाई, सदाफुली! आमच्या गटाराकाठी रान माजलंय हिचं. मेली मरता मरत नाही!"

हशानं खिडक्या हादरल्या. संचालक तेवढे हसले नाहीत. "तुमच्या नोकरीचं पुढल्या वर्षी बघू," म्हणाले. ते पुढलं वर्ष कधी उगवत नाही, हे तिथल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं.

ती घरी आली तेव्हा सासरे दारातच उभे. तिनं काय झालं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"सूनबाई, सातव्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या गं. तू जिवापाड जपलेली! थेंब घालायचा नाही, शब्द दिलेला. मग एक पान नमुन्याला घेऊन रोपवाटिका गाठली. कापडाला कापड जुळवतात तसं पानाला पान जुळवलं. रंग, पोत, रुंदी... सगळं मापात! पंधराही बदलली."

"अहो मामंजी, ती मरायलाच ठेवली होती! दहा दिवसांत पंधरातली किती माना टाकतात, तेवढंच मला लिहायचं होतं!"

म्हातारा उंबऱ्यावर बसला. "म्हणजे मी तुझी नोकरीच फाडली की! उसवली असती तर शिवून तरी दिली असती..."

तीही शेजारी टेकली.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "त्या रोपाचं पान चुरगळलं की लिंबाचा वास येतो. परतले त्याच दिवशी मी चुरगळून पाहिलं होतं, मामंजी. पंधराही कुंड्यांतलं. वास आला नव्हता."