सूनबाईंचा लांब थ्रो

यंदा फुटबॉलच्या सामन्यात बेकरीच्या बायकांना चारी मुंड्या चीत करणार, असं सासरेबुवांनी न्हाव्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते निवृत्त बस कंडक्टर. त्यांनी एकाच्या कानात सांगितलेलं गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाई.

हा भरवसा होता सुनेवर. ती लाँड्रीत कामाला. ओल्या चादरींचे पिळे डोक्यावरून उंच दांड्यांवर फेकून तिचे हात असे तयार झाले होते, की तिचा थ्रो-इन रेषेवरून थेट गोलच्या तोंडाशी पडे. इतरांची लाथही तेवढी लांब जात नसे. लाँड्रीचा संघ बेकरीकडून दरवर्षी हरायचा. सासरेबुवांनी कोणी न देताच प्रशिक्षकपद घेतलं आणि एकच डाव बसवला: समोरचीच्या पायाला लावून चेंडू बाहेर घालवायचा, पुढचं सूनबाई बघेल.

सराव घरीच. स्वयंपाकघरातून धाव घ्यायची आणि दाराशी येऊन चेंडू फेकायचा. आधी दिव्याची काच गेली, मग समोरच्या दंतवैद्याची पाटी. तो तणतणत आला, तर सासरेबुवा कौतुकाने म्हणाले, "डॉक्टर, पाटी इथून किती लांब आहे, बघा तरी!"

सामन्याच्या सकाळी एकीचा पाय मुरगळला. त्याच लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या सासूबाईंना उभं करावं लागलं. आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही, असं त्या परोपरीने सांगत होत्या.

"तू नुसती त्यांच्या गोलजवळ उभी राहा," सासरेबुवा म्हणाले. "थ्रो-इनला ऑफसाइड नसतो, सगळ्यांच्या पुढे उभं राहिलेलं चालतं."

सासूबाई बसची वाट बघावी तशा जाऊन उभ्या राहिल्या.

उत्तरार्धात सुनेने पहिला लांब थ्रो टाकला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून सरळ जाळीत गेला. सासरेबुवा मैदानात धावले, नाचले, नाचतानाच मेहुण्याला फोन करून जिंकल्याचं कळवलं. मग पंचांनी समजावलं, की हाताने फेकलेला चेंडू कोणालाही न लागता आत गेला तर गोल धरत नाहीत. म्हणूनच बेकरीची गोलकीपर शांतपणे बाजूला झाली होती. सासरेबुवांनी हुज्जत घातली आणि त्यांची रवानगी कुंपणाबाहेर झाली.

तोवर मेहुण्याने बातमी नातेवाइकांत पसरवली होती. अभिनंदनाचे फोन येऊ लागले. खरं सांगायला जीभ रेटेना. ते कुंपणाला धरून, "हो, हो, सूनच आमची," म्हणत शुभेच्छा घेत राहिले. आता हरलो तर खानदानात तोंड दाखवायला जागा नव्हती.

सामना संपता संपता, अजून शून्य-शून्यच असताना, पुन्हा थ्रो मिळाला. सुनेने होतं नव्हतं ते बळ लावलं. चेंडू पुन्हा सरळ जाळीकडे. गोलकीपर हसत पुन्हा बाजूला झाली. नेमक्या त्याच वेळी, बुटाची नाडी बांधायला वाकलेल्या सासूबाई सरळ झाल्या. चिखलाने माखलेला चेंडू त्यांच्या अंबाड्याला घासला, अंबाडा सुटला आणि चेंडू आत.

गोल! लाँड्री जिंकली. पदक मात्र गोल करणारीला असतं, म्हणून ते सासूबाईंच्या गळ्यात पडलं.

संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलं. सून एकीकडे दुखरे खांदे चोळत हसत होती आणि सासूबाई पदक घालून सगळ्यांना समजावत होत्या, "फुटबॉलमध्ये नुसत्या हातांचं काम नाही. डोकं वापरावं लागतं."

महिनाभर डावपेच शिकवणारे सासरेबुवा मागे बसून मुकाट्याने बायकोच्या केसांतला चिखल काढत होते.