गावंडे सरांचा टाइमआउट

जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत दोन माणसांची जुंपली, की गावंडे सर मध्ये जाऊन उभे राहतात. एका हाताची बोटं उभी, त्यावर दुसरा तळवा आडवा, आणि आरोळी, “टाइमआउट! पानी प्या आधी, मंग भांडा!” एकदा माझं आणि बायकोचं पडद्याच्या रंगावरून चाललं होतं, तर खिडकीत आधी ते दोन हात दिसले, मग सर.

अकोल्यात पोरींना बास्केटबॉल शिकवण्यात सरांचा जन्म गेला. निवृत्त झाले तरी संघ काही सुटत नाही. जगातलं सगळं शहाणपण त्यांना त्या मैदानावरच सापडलं आणि ते आम्हाला चहाबरोबर पाजतात. “कप्तान कोनाले कराव? जास्त बास्केट टाकते तिले नाई. पडलेलीले हात देते तिले.” “हरल्यावर लीडरनं पयले बोलाव, जिंकल्यावर शेवटी.” आणि लाडका सिद्धांत हा, “टाइमआउट हरनाऱ्याचं औषध हाय. आपन जिंकून राहिलो असताना घेते तो गाढव!” भरात आलेलं दुकान बंद ठेवून त्यांचा पुतण्या उटीला फिरायला गेला, तेव्हा तोही गाढव ठरला.

फक्त मुलीचं नाव काढलं की सर गप्प. रश्मी त्यांच्याच हाताखाली खेळली, पण त्यांची मदतनीस व्हायचं सोडून अमरावतीच्या कॉलेजात कोच झाली. “घरची टीम सोडली तिनं,” एवढं बोलून सरांनी जो अबोला धरला तो धरलाच.

यंदा अमरावतीला फायनलमध्ये बापलेकीचेच संघ समोरासमोर आले. सरांनी मलाही ओढत नेलं. शेवटी शेवटी सरांच्या पोरी अशा सुटल्या की बास्केटमागून बास्केट. रश्मीच्या पोरी बावरून एकमेकींवरच खेकसू लागल्या. तिचे टाइमआउट संपलेले, खेळ थांबवायची सोय उरली नव्हती. ती कडेला ओठ चावत नुसती उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.

चेंडू बाहेर गेला आणि सर उठले. बोटं उभी, तळवा आडवा.

“सर, आता काहून?” त्यांची कप्तान ओरडलीच.

“पानी प्या,” सर म्हणाले. नजर पलीकडे होती. तिथे रश्मी गुडघे टेकून पोरींना हळू आवाजात काहीतरी समजावत होती.

रश्मीच्या पोरी सावरल्या आणि आम्ही एका बास्केटने हरलो. आमच्या पोरी रडकुंडीला आल्या. सरांनी आधी त्यांच्या पाठी थोपटल्या, मग सरळ मैदान ओलांडलं.

“चांगल्या खेळल्या तुह्या पोरी.” हरल्यावर पहिले तेच बोलले.

रश्मी त्यांच्याकडे वळली. “बाबा, जिंकून राहिलो असताना टाइमआउट घेते तो कोन?”

“गाढव,” सर म्हणाले.

“मंग इतके दिवस एक फोन नाई करता आला तुमाले? मी काय मेली होती?” तिचा आवाज चढला, फाटला.

सरांनी हात वर केले. बोटं उभी, पण तळवा आडवा झालाच नाही. त्यांनी ते सोडून दिलं आणि आपली बाटली तिच्यापुढे धरली. बाटली काठोकाठ भरलेली होती; टाइमआउटमध्ये सर स्वतः एक घोटही प्यायले नव्हते.

“पानी पे आधी,” सर म्हणाले. “मंग भांड.”