हिरव्या ठिपक्यांची सातवी

ज्या वर्गात मुलं नुसती ऐकत बसलेली असतात त्या वर्गात काहीही घडत नसतं, हे आता शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं आहे. (कोणत्या शास्त्राने, ते परिपत्रकात लिहायचं राहून गेलं होतं.) म्हणून शाळेने प्रत्येक मुलाच्या हातात एकेक टॅब आणि भूगोलाच्या बाईंच्या हातात एक पासवर्ड दिला, आणि शिक्षणात क्रांती झाल्याचं त्याच दुपारी सूचनाफलकावर लावूनही टाकलं.

व्यवस्था अतिशय न्याय्य होती. बाईंनी वेबसाइटवर प्रश्न सोडायचा, मुलांनी टॅबवर उत्तर दाबायचं. दाबणाऱ्याचा ठिपका मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या पडद्यावर हिरवा व्हायचा, जरा वेळ न दाबणाऱ्याचा करडा. सहभागाचे मान्य प्रकार होते: उत्तर दाबणं, बदामाचं चित्र पाठवणं, टाळ्यांचं चित्र पाठवणं आणि चुकून कोपर लागणं. ऐकणं, बघणं आणि शंका येणं यांची नोंद घ्यायची सोय नव्हती. ज्या वर्गाचे ठिपके करडे पडतील तो वर्ग शिक्षकाकडून काढून तयार व्हिडिओंकडे सोपवायचा, आणि शिक्षकाने अडगळीच्या खोलीत जुने नकाशे झटकत बसायचं, असं ठरलं.

सातवी ‘ब’ म्हणजे भूगोलाच्या बाईंचा जीव की प्राण. फळ्यावर टेकवलेला खडू एकदाही न उचलता अख्खी किनारपट्टी काढणाऱ्या या बाई. नकाशे झटकायच्या नुसत्या कल्पनेने त्यांना रडू फुटलं. घरी येऊन सुनेला म्हणाल्या, “मला ते शिकव बाई एकदाचं.”

“आई, अहो, नुसती टिचकी मारायची. दाबून काय धरताय, पळून जाणारेय का ते?”

बाई चिकाटीच्या. भाजी निवडता निवडता त्या प्रश्न सोडायला, घड्याळ लावायला आणि बरोबर उत्तरावर फटाके उडवायला शिकल्या. (पहिल्या दिवशी सवयीने त्यांनी वर्गातल्या टच पडद्यावर डस्टर फिरवलं. यंत्राने डस्टरला उत्साही विद्यार्थी धरून पटावर घेतलं आणि पहिला क्रमांक दिला.)

पण अंगात भिनलेलं शिकवणं असं थोडंच जातं! एक दिवस नद्यांच्या लांबीचा प्रश्न सोडता सोडता बाईंच्या तोंडून भलताच निसटला. “अरे, पण इतक्या नद्या रात्रंदिवस समुद्रात पाणी ओतताहेत, मग तो मेला ओसंडून कसा वाहत नाही?”

टॅबवरची बोटं थांबली. कुणी छताकडे बघतंय, कुणी नखं खातंय. पहिल्या बाकावरचा एकजण तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आरोळी आली, “थांब रे, सांगू नको! मला येतंय, येतंय!” बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच वेळी मुख्याध्यापकांच्या पडद्यावर सातवी ‘ब’ अख्खी करडी पडली.

मुख्याध्यापक धावत आले. मागोमाग शिपाई आग विझवायचं नळकांडं घेऊन आला. (सर्व प्रकारच्या संकटांसाठी शाळेची नियमावली एकच होती.)

“बाई, झालंय काय? एकही मूल हलत नाहीये!”

“विचार करताहेत, सर.”

“ते मलाही दिसतंय हो. पण पडद्यावर कुठे दिसतंय?”

“उद्या ठिपके हिरवे नसले, तर वर्ग गेला म्हणून समजा,” असं बजावून मुख्याध्यापक निघाले. (दारात ते क्षणभर रेंगाळले. त्यांनाही समुद्राचा प्रश्न पडला असावा. पण त्यांच्या नावाचा ठिपकाच नव्हता, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.)

बाईंचं तोंड एवढंसं झालं. ते काही मुलांना बघवेना. मागच्या बाकावरची बडबडी उठून म्हणाली, “बाई, तुम्ही रडू नका ना. तुम्ही आपलं फळ्यावर शिकवा. आम्ही बाकाखालून बदाम पाठवत राहतो.”

दुसऱ्या दिवसापासून सातवी ‘ब’चा उजवा हात वहीत, डावा अंगठा टॅबवर आणि डोळे फळ्यावर. सहभाग शंभर टक्क्यांच्याही वर गेला (डस्टरचं नाव पटावर तसंच होतं). समुद्र का ओसंडत नाही, ते मुलांनी भांडत भांडत, चुकत चुकत स्वतःच शोधून काढलं. त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत इतके बदाम पोचले की पडदा बंद पडला.

शाळेने बाईंना आदर्श शिक्षिका जाहीर केलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की यंत्रात इतक्या पारंगत बाईंना एका वर्गात डांबून ठेवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. म्हणून त्यांना इतर शिक्षकांना वेबसाइट शिकवायला नेमलं, आणि सातवी ‘ब’ व्हिडिओंकडे गेली. निरोपाच्या दिवशी बाई हुंदके देऊन रडल्या. ते आनंदाश्रू असल्याचं अहवालात नमूद आहे. मुलांनी काही पाठवलं नाही. सगळी बाईंकडे नुसती बघत बसली होती, त्यामुळे त्या तासाला वर्गात कुणी नव्हतं अशी नोंद झाली.

आपण ही हकीकत इथवर वाचलीत, आभारी आहोत. मध्ये कुठे हसला असाल, बाईंसाठी हळहळला असाल, त्या समुद्राचा क्षणभर विचारही केला असेल. पण एवढ्या वेळात आपण एकदाही काही दाबलेलं नाही. उद्या जरा लवकर या; नकाशांवर धूळ फार साचली आहे.