वच्छलाताईंचं नसलेलं आंब्याचं झाड

वच्छलाताई माणसाच्या दंडाला पट्टा बांधतात आणि मग त्याला मराठी कविता ऐकवतात. समोरचा गोरा असो, पंजाबी असो, पोलंडचा असो, सुटका नाही. पट्टा बांधलेला माणूस पळून पळून जाणार कुठे?

लीड्सच्या एका हॉस्पिटलात त्या बावीस वर्षं रक्त काढतायत. सुई टोचायच्या आधी इथे सगळेच "शार्प स्क्रॅच!" म्हणतात. म्हणजे आपलं 'आता जरा टोचेल हं.' पण ताईंना हे दोन शब्द इतके आवडले, की त्या ते हॉस्पिटलबाहेरही वापरतात. "प्राजक्ता, शार्प स्क्रॅच! तुझ्या उपम्यात मीठच नाही." "शार्प स्क्रॅच! हा ड्रेस तुला नाही शोभून राहिला." सूचना दिली की टोचायला आपण मोकळे, असा त्यांचा हिशोब.

मी त्यांची शेजारीण. मूळची पुण्याची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. ताई नागपूरच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा बेसिंगस्टोकला असतो आणि रविवारी फोन करतो. मराठी बोलायचं तर गुरुवारी, मी डबा परत द्यायला जाते तेव्हा.

एकदा माझंच रक्त द्यायला मी त्यांच्याकडे गेले होते. माझ्या आधी बर्निसबाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या जमैकाच्या, डोक्यावर जांभळी हॅट. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्यानं दर मंगळवारी येणाऱ्या. ताईंनी पट्टा आवळला आणि सुरू झाल्या,

"मूठ आवळ बाई, मी शीर शोधते,
तू भिंतीकडे पाहा, मी तुझ्याकडे."

बर्निसबाई खरंच भिंतीकडे पाहत होत्या. तिथे आग लागली तर काय करायचं याचा कागद होता, तो वाचत होत्या. काम झालं. बाही खाली केली, गेल्या.

"ताई, त्यांना काय कळणार?" मी विचारलं.

"काऊन? रक्त देऊन राहिली ना ती? मग मीबी काही द्याव की नाही?"

अशा कविता ताईंकडे चार वह्या भरून आहेत. दर वर्षी त्या इथल्या कवितेच्या स्पर्धांना पाठवायच्या आणि दर वर्षी नकार यायचा. नकाराची पत्रं एका निळ्या फाइलमध्ये, तारीखवार. "हे पाय, मागच्या साली 'मूव्हिंग' म्हणे. औंदा 'पॉवरफुल'. सुधारून राहिली मी!" एका पत्रात मात्र लिहिलं होतं, की तुमच्या स्वतःच्या जगाबद्दल आणखी वाचायला आवडेल. त्यावर ताई दोन दिवस धुमसत होत्या. "अवो, मी यांच्या गावात राहते, यांच्या दवाखान्यात काम करते, यांचाच हात हातात घेते. आता आणखी कोणतं जग आणू? किराण्याच्या दुकानातून?"

आता माझ्या पापाकडे येते. आम्हा पुण्याच्या माणसांना चूक कबूल करायची सवय नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

ताईंच्या कवितांचं इंग्रजी मी करते. "माझं इंग्लिश कोपरापासून मनगटापर्यंत," त्या म्हणतात, "कवितेला पुरत नाही." या वर्षी आमच्या लायब्ररीनं ठरवलं, की काळ्या आणि आशियाई बायकांच्या कवितांचं एक पुस्तक काढायचं. ताईंनी ती 'मूठ आवळ बाई' दिली. अवघ्या चार ओळींची. शेवटच्या दोन अशा:

"नळीत उतरलं तुझं रक्त, माझ्या हाताला कोमट,
आता विचार, मी कुठली ते."

मी ते इंग्रजीत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ही शेवटची ओळ वाचून निवड करणाऱ्यांना लागेल, मला वाटलं. पुन्हा नकार येईल. ताई पुढच्या महिन्यात रिटायर होणार, आता किती वर्षं फाइल भरायची? निवड करणाऱ्यांना काय आवडतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी शीर काढली आणि आजीच्या अंगणातल्या आंब्याची मुळं घातली. कोमट रक्ताच्या जागी हळदीनं माखलेली बोटं. शेवटची ओळ तर सरळ उडवली आणि 'मी दूर देशीची' असं काहीतरी गोड टाकून, ताईंना न दाखवता पाठवून दिलं. एखाद्याच्या भाजीत त्याला न विचारता साखर घालावी, तसं. पुणेकर ना मी!

आठ दिवसांत होकार आला. ताईंनी सगळ्या गल्लीला चिवडा वाटला. पोस्टमनलाही. मला मिठी मारून रडल्या, "पोरी, तुझ्यामुळं झालं." काय सांगू, त्या मिठीत माझा जीव नुसता गुदमरत होता. किती गुरुवार आले आणि गेले, पण तोंड उघडेल तर शपथ.

मग तो शनिवार उजाडला. लायब्ररीत दुपारी वाचन. ताई आधी मराठीत वाचणार, नंतर मी इंग्रजीत. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि बघते तर काय, प्रत्येक खुर्चीवर सगळ्या कविता इंग्रजीत छापलेला कागद ठेवला होता. मी धावत जाऊन आमच्या खुर्च्या धरल्या. एका कागदावर स्वतः बसले, दुसऱ्यावर पर्स आपटली.

"अशी काय कोंबडीसारखी बसून राहिली तू?" ताई म्हणाल्या.

"पाठ दुखतेय."

"शार्प स्क्रॅच! वजन वाढलंय तुझं."

ताईंनी त्या दिवशी पांढरी साडी आणि निळा कोट घातला होता, केसांना तेल. वहीचं एकच पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या. बावीस वर्षं न बघता कविता म्हणणाऱ्या ताई! पहिली मुलगी वाचायला उभी राहिली. ती बर्निसबाईंची नात निघाली, आणि तिसऱ्या रांगेत ती जांभळी हॅट. मग दुसरी बाई, मग तिसरी. आमच्याआधी आता एकच उरली होती. अजून दहा मिनिटांनी मी माइकवर आंबा म्हणणार आणि ताई शेजारी उभ्या राहून ऐकणार. सगळ्यांसमोर.

मला नाही जमलं. मी त्यांचा कोट ओढला आणि म्हणाले, "ताई, शार्प स्क्रॅच."

त्या हसल्या. मला वाटतं, त्यांना कोटावर डाग वगैरे पडलाय असं वाटलं असेल. मी बुडाखालचा कागद काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा चढवला. बोट ठेवून वाचलं. परत वाचलं.

"आंबा?" त्या हळूच म्हणाल्या. "अवो, मी संत्र्याच्या गावची! आन् आजी कोणती? माझी आजी मी जन्मायच्या आधीच गेली."

"मला वाटलं, तसं लिहिलं तर ते घेतील."

"घेतलंच की." त्यांनी कागदाची घडी घातली, अगदी बारीक. "म्हणजे मग मला नाहीच घेतलं ना बाप्पा कोणी."

त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तरी मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात कार्यक्रमाच्या हेलनबाईंनी नाव पुकारलं. ताई उठल्या. मी मागोमाग निघाले तर हातानंच 'बस' म्हणाल्या. माइकपुढे जाऊन त्यांनी घसा खाकरला आणि त्यांच्या कोपर-ते-मनगट इंग्रजीत सांगितलं, "या कागदावर आहे ती माझी कविता नाही. माझी शेजारीण चांगली मुलगी आहे, तिला मी पुस्तकात यावं असं वाटलं. पण मला आंब्याचं झाड नाही. मी रक्त काढते."

हेलनबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकून बसलं. आणि ताईंनी सुरू केलं,

"मूठ आवळ बाई, मी शीर शोधते..."

तिसऱ्या रांगेत बर्निसबाईंनी बाही वर सरकवली आणि मूठ आवळली.

देवाशप्पथ सांगते, त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं आपण काय करतोय ते. ध्यानात आल्यावर त्या मुठीकडे बघत राहिल्या, मग ताईंकडे. ताई थांबल्या होत्या. पुढची ओळ त्यांच्या तोंडून निघेना. आणि त्या शांततेत बर्निसबाई म्हणाल्या, त्यांच्या जमैकाच्या हेलात, पण मराठीत, एकही शब्द न गाळता, "तू भिंतीकडे पाहा, मी तुझ्याकडे."

उरलेल्या दोन ओळी ताईंनी म्हटल्या, मग त्यांचं इंग्रजीही स्वतःच केलं, शब्दाला शब्द. रक्त होतं तिथे रक्त. शेवटच्या ओळीला कोणीतरी खुर्चीत चुळबुळलं, कोणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी.

नंतर हेलनबाई आल्या. किती सुंदर, किती धीट, वगैरे. पण पुस्तकात समितीनं निवडलेला मजकूरच जाईल, नाहीतर मग... त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"मग राहू द्या," ताई म्हणाल्या.

परत येताना गाडीत मी चार वेळा सॉरी म्हटलं. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. गल्लीत शिरलो तेव्हा एकदम म्हणाल्या, "तिला पाठ आहे ग. अर्थ माहीत नव्हता, तरी पाठ आहे. मी तर समजून होती, की एवढी वर्षं मी भिंतीसंगच बोलून राहिली."

मी गाडी त्यांच्या दारापुढे थांबवली. त्या उतरेनात. दाराच्या हँडलवर हात ठेवून बसून राहिल्या.

"प्राजक्ता, तू म्हण ना एकदा," त्या म्हणाल्या. "मराठीतच म्हण. दुसऱ्याच्या तोंडून पूर्ण कधी ऐकलीच नाही मी."

मी इंजिन बंद केलं आणि चारही ओळी म्हटल्या, मनाचं काही न घालता. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. मांडीवरची मूठ आवळलेली होती.